गेट अ‍ॅनालिसिसचा (म्हणजे माणसाच्या चालण्याच्या मोजमापाचा) ग्राफ विचित्र येतोय? फिल्टरला हात लावायच्या आधी या चुका बघा

ग्राफ वेडावाकडा दिसला की आपण पहिलं काय करतो, तर डेटा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरचा कटऑफ खाली-वर करत बसतो. मीही केलंय, अख्खी दुपार घालवून. एका पेशंटचा गुडघा पाय हवेत असताना चक्क 10 डिग्री बाजूला झुकताना दिसत होता आणि तिन्ही ट्रायल (चालण्याच्या नोंदी) एकावर एक तंतोतंत, त्यामुळे वाटलं डेटा पक्का आहे, काहीतरी खरंच बिघडलंय गुडघ्यात. व्हिडिओ लावला तर गुडघा छान सरळ!

झालं होतं असं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मार्कर (कॅमेऱ्याला दिसावी म्हणून त्वचेवर चिकटवलेली खूण) हाडाच्या उंचवट्यावर नव्हता, थोडा पुढे लागला होता. किती पुढे? गुडघ्याची रुंदी 10 सेंटीमीटर धरा, मार्कर पावणेदोन सेंटीमीटर सरकला की गुडघ्याचा अक्ष, म्हणजे ज्या रेषेभोवती तो वाकतो ती रेषा, 10 डिग्री फिरतो. चालताना गुडघा साधारण 60 डिग्री वाकतो, त्यातले 10 डिग्री मग बाजूच्या हालचालीत गळतात, आणि वर हिपचं रोटेशनही तेवढंच चुकतं. म्हणून बाजूच्या हालचालीचा ग्राफ जर गुडघा वाकण्याच्या ग्राफची छोटी कॉपी वाटत असेल तर पेशंटवर नाही, मार्करवर संशय घ्या. ट्रायल जुळतात हा पुरावा नाही हो, चुकीचा मार्कर तिन्ही वेळा त्याच चुकीच्या जागी असतो! फिल्टरनेही हे जात नाही, तो फक्त थरथर काढतो.

हिपचा त्रास वेगळा. सांधा खोल आत असतो, बोटाला लागतच नाही, मग ओटीपोटाच्या पुढच्या दोन हाडांवरून फॉर्म्युल्याने त्याची जागा काढतात. पोट सुटलेल्या माणसात ती हाडं सापडत नाहीत आणि मार्कर चरबीवर बसतो. पेशंटला आधी आडवं झोपवून हाड शोधा, मग उभं करून परत चाचपा. जिथे जमेल तिथे पाय गोल फिरवून सांध्याचं केंद्र काढायची पद्धत वापरा, पण पाय नीट मोकळा फिरत नसेल तर तिचाही भरवसा नाही.

मोमेंटचं, म्हणजे सांध्याला फिरवणाऱ्या जोराचं, गणित तर सरळ आहे, बल गुणिले अंतर. जमिनीचं बल 700 न्यूटन आणि सांध्याचं केंद्र त्या बलाच्या रेषेला आडव्या दिशेत 2 सेंटीमीटर चुकलं तर 14 न्यूटन-मीटर उगाच वाढतात नाहीतर कमी होतात, म्हणजे 70 किलोच्या माणसात किलोमागे 0.2. गुडघ्याचा नेहमीचा कमाल मोमेंटच किलोमागे 0.5 च्या आसपास असतो, आता बघा.

मार्कर नकोत म्हणून मोबाईल व्हिडिओ आणि पोझ एस्टिमेशन (व्हिडिओतून सांध्यांच्या जागा ओळखणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनीही लगेच खूश होऊ नका, तिथला हिपचा ठिपका माणसांनी फोटोवर अंदाजाने दिलेल्या खुणांवरून शिकलेला असतो, खरं सांध्याचं केंद्र नव्हे. ढगळ पँट आणि तिरका कॅमेरा असेल तर विचारूच नका, मधेच डावा-उजवा पायसुद्धा अदलाबदल होतो.

एक सोपा चेक. सॉफ्टवेअरने काढलेली डाव्या-उजव्या मांडीची लांबी बघा, 2 सेंटीमीटरचा फरक असेल आणि टेपने तो दिसत नसेल तर मार्कर परत लावा. हे सगळं पेशंट लॅबमध्ये असतानाच करा, एक ट्रायल तिथल्या तिथे प्रोसेस करून, आणि मार्कर काढायच्या आधी पुढून-बाजूने फोटो घेऊन ठेवा.