दापोलीच्या हॉस्टेलात पहिला पावसाळा

दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा कोकणातल्या कुठल्याही कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला जाताय? मग आधी बुरशीचा विचार करा. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत धुतलेली जीन्स चार दिवस ओलीच राहते. जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवा, सुती पंचे दोन न्या. ते पंख्याखाली रातोरात वाळतात. नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे मात्र नक्की न्या, कारण व्हरांड्यातली जागा सीनियर्सनी आधीच अडवलेली असते!

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून हवा खेळली पाहिजे. गादी रोज सकाळी उभी करून ठेवा. मी पहिल्या वर्षी आळस केला, गणपतीच्या सुट्टीवरून परतलो तर गादीच्या खालच्या बाजूला हिरवट-काळे ठिपके आणि चामड्याच्या बुटांवर पांढरी लव. बूट पुसून वाचले, गादी टाकावी लागली. सुट्टीला जाताना कपाटात ओलसर काहीही ठेवू नका, अगदी एक मोजासुद्धा. मार्कशीट, दाखले झिपच्या प्लास्टिक पाकिटात. लाईट जातेच, पॉवर बँक भरलेली ठेवा.