बोटीचे इंजिन बांधावे की बदलावे

खानदेशात समुद्र नसला, तरी बोटीवाचून अडणारी गावे आहेत. सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील डोंगरघळींत शिरल्यापासून मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांचा बाजार, दवाखाना आणि रेशन पुष्कळदा पाण्याच्या वाटेनेच होते. तापीवर हतनूर, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील अडवलेल्या पाण्यातही होड्या चालतात. यांतील मोठ्या बोटींत डिझेल इंजिन आतच बसवलेले असते आणि त्याचा शाफ्ट तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो. असे इंजिन जबर बिघडले की ते खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधून घ्यावे की सरळ नवे बसवावे, हा प्रश्न मालक बहुधा किमतीपासून सोडवू लागतो. माझ्या मते किंमत सर्वांत शेवटी यावी. आधी बिघाडाचे कारण शोधावे, मग ब्लॉक (इंजिनाचे ओतीव धड) आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) यांची अवस्था तपासावी, त्यानंतर सुटे भाग आणि मिस्त्री आपल्या टप्प्यात आहेत की नाहीत ते पाहावे, आणि मगच हिशेब मांडावा.

कारणापासून सुरुवात करण्याचे कारण असे की, बोटीच्या इंजिनाचे पुष्कळसे मरण इंजिनाबाहेरून येते. इंजिन तापून हेड (सिलिंडरांवरचे झाकण) वाकले असेल, तर तापण्याचा दोष पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकलेल्या गवतात किंवा प्लॅस्टिकमध्ये, पंपाच्या झिजलेल्या रबरी चाकात, म्हणजे इंपेलरमध्ये, किंवा नदीच्या पाण्याने इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या हीट एक्सचेंजरच्या गाळाने भरलेल्या नळ्यांत असू शकतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की ही शक्यता आणखी वाढते. इंजिनात बंदिस्त फिरून ते थंड ठेवणाऱ्या पाण्यात बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतले असेल, तर आतल्या वाटांवर क्षारांचा थर बसून बाहेरचे सारे ठीक असतानाही इंजिन तापते. सरोवराची पातळी उतरली की बुडालेल्या झाडांची खोडे वर येतात. त्यांवर पंखा आपटून शाफ्ट किंचित जरी वाकला, तरी थरथर सुरू होते, इंजिन ज्यांवर बसते ते पाय सैल होतात, गिअरबॉक्सचे बेअरिंग जाते, आणि दोष मात्र इंजिनाच्या माथी येतो. डिझेलच्या टाकीत पाणी साचून डिझेल फवारणारे नोझल आणि फ्युएल पंप गेले असतील, तर तेच डिझेल नव्या इंजिनाचीही तीच गत करील. कारण कागदावर लिहून होईपर्यंत नव्या इंजिनाचा भाव विचारू नये, असा माझा आग्रह आहे.

पुरात किंवा पातळी अचानक चढल्यामुळे बांधलेली बोट बुडाली असेल, तर प्रकरण वेगळे आहे आणि घाईचेही आहे. बुडालेले इंजिन बाहेर काढल्यावर स्टार्टर मारून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे फिरते पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि जे इंजिन साफसफाईने वाचले असते ते त्या एका झटक्यात जाते. नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे आणि सिलिंडरमधील पाणी बाहेर पडू द्यावे. इंजिन व गिअरबॉक्स यांतील ऑइल, तसेच टाकी व नळ्यांतील डिझेल पूर्ण काढून टाकावे. सिलिंडरमध्ये स्वच्छ ऑइल घालून पुन्हा फिरवावे. नवे ऑइल व फिल्टर घालून चालू केल्यावर, ऑइलचा दुधट रंग जाईपर्यंत ते दोन-तीन वेळा बदलावे. स्टार्टर व अल्टरनेटर स्वतंत्रपणे उघडून वाळवावे लागतात. इंजिन बंद असताना बुडाले आणि एक-दोन दिवसांत एवढे केले, तर ते बदलण्याची वेळ सहसा येत नाही. गोड्या पाण्याचा हा फायदा मोठा आहे. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इंजिनाला एवढी सवड मिळत नाही. चालू असतानाच पाणी आत गेले असेल, तर मात्र रॉड वाकल्याचे गृहीत धरूनच पुढची तपासणी करावी.

इंजिन खोलण्यापूर्वी बरेच काही कळू शकते. ऑइलची काठी काढून पाहावी: ऑइल दुधट असेल तर त्यात पाणी गेलेले आहे, आणि ऑइलमध्ये चमचमणारे बारीक कण असतील तर बेअरिंग खाल्ले जात आहे. धुराचा रंगही ऐकण्याजोगा साक्षीदार आहे. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याचे किंवा डिझेल नीट न जळल्याचे सांगतो, आणि काळ्या धुरामागे हवेची कमतरता, बिघडलेले नोझल किंवा बोटीला न पेलणारा मोठा पंखा असतो. काळ्या धुरासाठी इंजिन खोलण्याची गरज अनेकदा पडतच नाही.

यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजावे. आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडावाच, पण त्याहून महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधील फरक. सर्व सिलिंडर थोडे-थोडे उतरलेले असतील तर ती सरळ झीज आहे. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर दोष एका जागी आहे आणि तो बहुधा दुरुस्त होतो. तो दोष नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी त्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि ती कुठून निसटते ते ऐकावे. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर पिस्टनची रिंग किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी), आणि पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट फाटलेले आहे किंवा हेडला चीर आहे. टायर पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरवरही ही तपासणी भागते आणि तिच्यामुळे लाखाच्या घरातला निर्णय पक्का होतो. तरीही अनेक मिस्त्री ती न करता थेट पाने-पकडी काढतात, याचे मला नवल वाटते.

हेड काढल्यावर ते सपाट पट्टी व फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) तपासावे. वाकलेले हेड उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत घासून सरळ होते आणि व्हॉल्व्हच्या बैठका नव्या बसतात, त्यामुळे केवळ हेड गेले म्हणून इंजिन मोडीत काढू नये. लायनर काढता येणारे असतील तर पिस्टन, रिंग व लायनर यांचा संच बदलून इंजिन पुन्हा उभे राहते. मिस्त्री यालाच हाफ काम म्हणतात. क्रँकशाफ्टवर ओरखडे असतील तर तो ग्राइंड करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर कमी मापाची बेअरिंग घालता येतात. पण आधीच एक-दोनदा ग्राइंड झालेला क्रँक शेवटच्या मापाला पोहोचला असेल, तर पुन्हा त्याच्या नादी लागू नये. फुल काम, म्हणजे क्रँकसह पूर्ण दुरुस्ती, सांगणाऱ्या मिस्त्रीकडे क्रँकचे सध्याचे माप लेखी मागावे.

इंजिन वाचवू नये अशा खुणा थोड्या पण स्पष्ट आहेत. तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, सिलिंडरच्या भिंतीला किंवा मुख्य बेअरिंगच्या बैठकीला चीर असेल, किंवा क्रँक बसण्याच्या जागा एका रेषेत राहिल्या नसतील, तर ते इंजिन संपले असे समजावे. ओतीव लोखंडाला वेल्डिंग करून देणारे कारागीर भेटतात आणि सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जाकिटावरील (पोकळीवरील) बाहेरची चीर ते खरोखर बुजवतातही. पण ताण सोसणाऱ्या जागेवरील वेल्डिंगच्या भरवशावर भर सरोवरात माणसे नेणे मला मान्य नाही.

आता टप्प्याचा प्रश्न. खानदेशातील बोटींत ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर उभे केलेले इंजिन असेल, तर त्याचे पिस्टन, बेअरिंग आणि गॅस्केट आपल्या मुलखात मिळतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकत्र येतात, त्यामुळे ट्रकच्या इंजिनाचे बोअरिंग, ग्राइंडिंग करणारे हात तेथे आहेत. ट्रॅक्टरचे काम जाणणारे मिस्त्री तर शहाद्यापासून भुसावळपर्यंत सापडतात. उलट, हीट एक्सचेंजर, मरीन गिअरबॉक्स आणि इंपेलर यांसारख्या खास बोटीच्या वस्तूंसाठी बहुधा किनाऱ्याकडेच पाहावे लागते. म्हणून ब्लॉक ओळखीचा असेल तर दुरुस्तीकडे झुकावे, आणि जुने परदेशी इंजिन असून त्याचे भाग मागवण्यातच महिना जात असेल तर बदलाकडे. वेळेचेही भान ठेवावे: खरिपाच्या तोंडावर ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी असते, तेव्हा बोटीचे काम मागे पडते. पातळी उतरलेली असते ते उन्हाळ्याचे दिवस या कामाला बरे.

हिशेब मांडताना दुरुस्तीच्या बाजूला इंजिन काढणे-बसवणे, लेथचे काम, भाग आणि बोट बंद राहण्याचे दिवस धरावेत. बदलाच्या बाजूला केवळ इंजिनाची किंमत धरणे ही नेहमीची फसगत आहे. नव्या इंजिनाचे पाय जुन्या लाकडी बैठकीवर बसत नाहीत, गिअरचे प्रमाण बदलले की पंखा बदलतो, एक्झॉस्टची नळी लहान पडते, वायरिंग नवे लागते. गिअरबॉक्ससह 400 ते 500 किलोचे धूड मोलगी किंवा धडगावच्या घाटातून खाली आणून, क्रेन नसलेल्या काठावर तिपाई आणि चेनपुलीने बोटीत उतरवणे हाही खर्चच आहे. एवढे सर्व धरूनही दुरुस्ती बदलाच्या निम्म्याहून पुढे जात असेल, तर बदल करावा, हा ढोबळ नियम चालतो. पण तळच कुजला असेल, तर नव्या इंजिनाचे पैसे बोटीसकट पाण्यात जातात. म्हणून लाकूड टोचून किंवा पत्रा ठोकून आधी बोटीचे उरलेले आयुष्य जोखावे.

बदलायचेच ठरले तर अधिक अश्वशक्तीचा हव्यास धरू नये. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो. 25 फूट लांबी पाण्यात असलेली बोट साधारण 6.7 नॉट, म्हणजे ताशी 12 किलोमीटरच्या आसपास थबकते, आणि त्यापुढे दुप्पट ताकद दिली तरी मुख्यतः लाट आणि डिझेलचा खर्च वाढतो. गढूळ पाण्यासाठी, बोटीच्या तळाबाहेर नळी फिरवून इंजिनाचे बंद पाणी थंड करण्याची पद्धत मला अधिक पसंत आहे, कारण तिच्यात गाळ इंजिनाजवळ येतच नाही. जुने ट्रकचे इंजिन घेणार असाल, तर ते थंड असताना आपल्यासमोर चालू करायला सांगावे; आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. बोटीत ते किंचित कलते बसते, म्हणून त्या कलावरही ऑइल पंपापर्यंत पोहोचेल असा त्याचा संप (तळाशी ऑइल साठण्याचे भांडे) आहे का, हेही पाहावे.

अंतर्देशीय नौकांसाठी 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा कायदा आलेला आहे. नोंदणी झालेल्या, विशेषतः प्रवासी नेणाऱ्या बोटीचे इंजिन बदलण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याला लेखी कळवून संमती घ्यावी आणि विमा असल्यास विमा कंपनीलाही कळवावे.

बसवताना इंजिन आणि शाफ्ट यांचे कपलिंग (दोहोंना जोडणाऱ्या चकत्या) काठावर जुळवून समाधान मानू नये, कारण बोट पाण्यात उतरली की तिचे अंग किंचित बदलते. ती पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावर, टाकीत नेहमीइतके डिझेल असताना, कपलिंगच्या चारही बाजूंची फट फीलर गेजने पुन्हा मोजावी. दर इंच व्यासामागे एक हजारांश इंचाहून अधिक फरक असेल तर पाय पुन्हा जुळवावेत. पहिले ऑइल व फिल्टर साधारण 50 तासांनी, किंवा पुस्तिकेत त्याआधी सांगितले असेल तर तेव्हा, बदलावेत आणि त्याच वेळी हेडचे व पायांचे बोल्ट पुस्तिकेप्रमाणे तपासावेत. तोवर जुने इंजिन भंगारात देऊ नये. त्याचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा फ्युएल पंप चांगला असेल तर तो उतरवून, ऑइल लावून कोरड्या जागी ठेवावा.