हिवाळ्यात ग्लुर्न्स: मुक्काम तटाच्या आत करा

आल्प्समधल्या ग्लुर्न्स या तटबंदीच्या गावाला जायचं असेल तर मुक्कामालाच जा, आणि मुक्काम तटाच्या आतच करा. याच खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या मेरान शहरातून सकाळी येऊन दुपारी परतणारे लोक बरेच असतात. त्यांना तटबंदी दिसते, एक फोटो मिळतो आणि गाव हातातून निसटतं. हिवाळ्यात तर दुपारी साडेतीन-चारला ऊन डोंगराआड जातं, दिवसभराची मंडळी निघून जातात, आणि मग नऊशे वस्तीचं ते गाव त्याच्या माणसांचं होतं. ती संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ पदरात पडावी म्हणून निदान दोन रात्री हव्यात. तीन असल्या तर उत्तम.

मी मूळची वाईची, आता म्युनिकला राहते. भारतातून कुणी आलं की बर्फ बघायला कुठे न्यायचं हा प्रश्न येतोच. मी दरवेळी ग्लुर्न्सचंच नाव घेते, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

गाव इटलीच्या उत्तर टोकाला, साउथ टिरोलमध्ये आहे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया दोन्हीच्या सरहद्दी हाकेच्या अंतरावर. माणसं घरी जर्मन बोलतात, पण पाट्यांवर प्रत्येक जागेची दोन नावं असतात आणि तिकीट काढताना गोंधळ होतो. तेव्हा आधीच लिहून घ्या: ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेंझा, मालस म्हणजे माल्लेस, बोत्सेन म्हणजे बोलझानो, आणि या खोऱ्याचं नाव फिन्शगाउ किंवा वाल वेनोस्ता.

म्युनिकहून किंवा इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीतून बोत्सेनला रेल्वेने या, तिथून मेरान, आणि मेरानहून फिन्शगाउची छोटी गाडी मालसपर्यंत जाते. हा साठ किलोमीटरचा मार्ग बंद पडला होता, २००५ साली पुन्हा सुरू झाला. कधी मार्गावरच्या कामामुळे गाडीऐवजी बस असते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक बघाच. मालस स्टेशनवरून ग्लुर्न्स बसने काही मिनिटांवर आहे. सामान कमी असेल तर चालतही जाता येतं, रस्ता उताराचा आहे आणि खाली तटाचे बुरूज दिसत राहतात. राहण्याची जागा निवडताना तिथे साउथ टिरोल गेस्ट पास मिळतो का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळतो, आणि त्यावर इथल्या बस आणि लोकल गाड्या फुकट होतात. मुक्कामाचा स्थानिक कर वेगळा द्यावा लागतो, थोडे युरो रोख जवळ असू द्या.

व्हिसा शेंगेनचा. तिन्ही देश त्यात येतात, त्यामुळे एकच पुरतो. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. पासपोर्ट मात्र रोज खिशात हवा, कारण स्वित्झर्लंडला जाणाऱ्या बसमध्ये तपासणी होऊ शकते.

केव्हा जायचं? नोव्हेंबर टाळा. २ नोव्हेंबरला इथे सेलामार्क्ट नावाचा जुना बाजार भरतो, तेवढा एक दिवस सोडला तर त्या महिन्यात बरीच हॉटेलं सुट्टीवर असतात. डिसेंबरात नाताळच्या बाजारामुळे मोजके दिवस गर्दी असते. मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी ही खरी वेळ. एक गोष्ट आधीच सांगते: इथे बर्फाची खात्री नाही. दोन्ही बाजूंच्या उंच डोंगरांनी ढग अडवल्यामुळे हे खोरं पूर्व आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या खोऱ्यांपैकी एक आहे. गाव ९०७ मीटरवर. कधी छपरांवर फूटभर बर्फ असतो, कधी फक्त कोरडी, कडकडीत थंडी आणि निळंशार आकाश. बर्फ हवाच असेल तर बसने वर राइशन खिंडीकडे जायचं, तिथे तो असतो.

आता गावाबद्दल, कारण इतिहास माहीत असला की इथे पाय आपोआप थांबतात. टिरोलच्या सरदारांनी तेराव्या शतकाच्या शेवटी इथे बाजारपेठ वसवली. इन्सब्रुकजवळच्या हॉलच्या खाणीतलं मीठ राइशन खिंडीतून खाली यायचं, इथे उतरवलं जायचं आणि पुढे लोंबार्डीकडे आणि स्विस खोऱ्यांकडे जायचं. २२ मे १४९९ रोजी जवळच्या काल्वेन घळीत ग्राउब्युंडनच्या (आजच्या स्वित्झर्लंडमधल्या) लोकांनी ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याच्या फौजेचा पराभव केला आणि ग्लुर्न्स लुटून जाळलं. त्यानंतर सम्राट पहिल्या माक्सिमिलियानने नवा तट बांधायचा हुकूम दिला. काम पुरं व्हायला सोळाव्या शतकाचा शेवट जवळ आला, आणि तोवर व्यापार ओसरू लागला होता. गावाकडे तट पाडून पसरायला ना पैसा उरला ना गरज, म्हणून तो आजही पूर्ण उभा आहे.

पहिली फेरी तटाच्या बाहेरून मारा, सकाळी ऊन भिंतीवर आल्यावर. तीन वेशी आहेत: मालसची, श्लुडर्न्सची आणि टाउफर्सची. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. बुरूज, जंग्या, वेशीचा जाड लाकडी दरवाजा, सगळं ओळखीचं. दोन जंग्यांसमोर वाकून मुद्दाम बघा. बाहेरून अरुंद फट आणि आत रुंद होत गेलेली, म्हणजे आतल्या माणसाला बंदूक डावी-उजवी फिरवता यावी. टाउफर्सच्या वेशीतून बाहेर पडून पूल ओलांडला की सेंट पांक्रात्सचं चर्च लागतं. त्याच्या मनोऱ्यावर बाहेरच्या बाजूने अंतिम न्यायाचं भित्तिचित्र आहे, १४९६ सालचं, म्हणजे लढाईच्याही आधीचं. दफनभूमीत व्यंगचित्रकार पाउल फ्लोरा यांची कबर आहे. १९२२ साली ते याच गावात जन्मले आणि २००९ साली निधनानंतर इथेच परतले.

आत आल्यावर लाउबेनगासे या गल्लीत जा. ठेंगण्या कमानींची पडवी आहे, उंच माणसाचं डोकं टेकेल इतकी ठेंगणी. पूर्वी दुकानं आणि साठे यांच्यामागेच होते. पडवीत बर्फ पडत नाही, पण सावलीतल्या दगडांवर वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि पहाटे ते दिसत नाही. नऊच्या आत बाहेर पडायचं असेल तर बुटाला लावायच्या रबरी काट्यांच्या पट्ट्या घ्या. आल्प्समधल्या खेळाच्या दुकानांत सहज मिळतात. माझी आत्या गुडघ्यांच्या दुखण्यासह त्या लावून सगळा तट फिरली.

या गावातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट न्यायालयाची आहे. १५१९ साली वरच्या श्टिल्फ्स गावच्या शेतकऱ्यांनी ग्लुर्न्सच्या कोर्टात शेतातल्या उंदरांवर फिर्याद केली. उंदरांना रीतसर वकील दिला गेला. १५२० साली निकाल लागला: चौदा दिवसांत शेतं सोडावीत. गाभण माद्या आणि पिल्लं यांना आणखी मुदत, आणि वाटेत कुत्र्या-मांजरांपासून अभय. चौकात उभं राहून ही गोष्ट मुलांना सांगा, ती गाव विसरणार नाहीत.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सहाच्या आत उघडत नाहीत. दुकानंही दुपारी दोन-तीन तास बंद, रविवारी पूर्ण बंद. प्रत्येक खानावळीचा आठवड्यात एक सुट्टीचा दिवस असतो, आणि छोट्या गावात दोन्ही-तिन्ही खानावळींचा तो एकत्र यायची शक्यता असते. पोचल्या दिवशीच खोलीच्या मालकिणीला विचारून पुढच्या जेवणांचं ठरवून टाका.

शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, फक्त विचारावं लागतं. श्लुत्सक्राप्फेन मागवा, पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या उकडलेल्या पाऱ्या, वर लोणी. पालकाचे किंवा चीजचे क्न्योडेल (पावाचे उकडलेले गोळे) लोण्यात मागा, सूपमध्ये नको, कारण ते सूप मांसाचं असतं. जवाच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘ओने श्पेक, ओने फ्लाइश’ (डुकराचं मांस नको, कुठलंच मांस नको) एवढं म्हटलं की काम होतं. अंडं चालत असेल तर काइझरश्मारन, म्हणजे तुकडे केलेला जाड गोड पॅनकेक, दोघांत एक पुरतं.

आणि इथली राईची भाकरी खाल्ल्याशिवाय परतू नका. फिन्शगर पार्ल म्हणतात तिला: दोन गोल चपट्या भाकऱ्या एकमेकींना चिकटवून भाजलेल्या, रंगाने गडद, वर पिठाची भुकटी. मोडली की आतून येणारा वास ओळखीचा वाटतो, कारण पिठात बडीशेप असते आणि ब्रोटक्ले नावाची सुकवलेली पाल्याची भुकटी असते, जी मेथीच्याच कुळातली. आत्याने वास घेऊन लगेच विचारलं, “यात मेथी आहे का गं?” ती कडक वाळवून महिनोन्‌महिने टिकवायची इथली जुनी पद्धत. परतताना दोन-तीन जोड्या घ्या, बॅगेत काही बिघडत नाही.

दुसरा दिवस स्वित्झर्लंडमधल्या म्युस्टायर गावासाठी ठेवा. मालसहून निघणारी पिवळी स्विस पोस्टबस सरहद्द ओलांडून थोड्या वेळात सेंट जॉनच्या मठापाशी सोडते. दंतकथा सांगते की फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन उंब्राइल खिंडीत बर्फाच्या वादळातून वाचला, म्हणून त्याने हा मठ उभारला. बांधकामातल्या लाकडाच्या वर्तुळांवरून ते झाड ७७५ साली तोडल्याचं कळलं आहे, म्हणजे काळ जुळतो. आत सन ८०० च्या सुमाराची भित्तिचित्रं भिंतभर आहेत, आणि काही ठिकाणी त्यांवर १२०० च्या आसपास पुन्हा रंगवलेली. बायबलमधल्या हेरोद राजाच्या मेजवानीत नाचणारी सलोमे शोधा, शरीर मागे झोकून दिलेली. १९८३ पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे आणि बेनेडिक्टाइन जोगिणी आजही तिथे राहतात. चर्चच्या आत बाहेरइतकीच थंडी असते. निवांत बघायचं असेल तर लोकरी मोजे दुहेरी घाला. खर्चाला स्विस फ्रँक लागतात.

तिसऱ्या दिवशी मालसहून बसने राइशनच्या तलावाकडे. पाण्यातून वर आलेला, बुडालेल्या ग्राउन गावच्या चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तुम्ही चित्रात पाहिला असेल. १९५० साली वीजनिर्मितीसाठी दोन तलाव जोडून पाणी चढवलं, त्यात १६३ घरं आणि ५२३ हेक्टर जमीन गेली. धरणात गावं गेलेली आपणही पाहिली आहेत, म्हणून काठावरचे जुने फोटो घाईने ओलांडू नका. कडक हिवाळ्यात बर्फावरून मनोऱ्यापर्यंत चालत जाता येतं, पण ते तिथल्या फलकावर परवानगी असेल तरच, आणि इतरही लोक चालत असतील तरच. या पठारावर वारा सपासप लागतो. कान झाकणारी टोपी आणि वारा अडवणारं जाकीट इथेच लागतं. गावात एकावर एक तीन थर पुरतात, रात्री पारा उणे आठ-दहापर्यंत उतरला तरी.

हिवाळ्यात काय बंद असतं तेही माहीत असू द्या. श्लुडर्न्सचा चुर्बुर्ग किल्ला, चिलखतांच्या संग्रहासाठी प्रसिद्ध असलेला, फक्त वसंत ते शरद उघडा असतो. श्टेल्व्हिओ घाटरस्ता मोटारींना बंद, त्यामुळे नकाशावर जवळ दिसलं तरी त्या बाजूने बोर्मिओला जायचा बेत करू नका. मारियनबेर्ग मठाचं संग्रहालय आणि मालसचं सेंट बेनेडिक्ट चर्च हिवाळ्यात मोजक्याच वेळी उघडतात, चौकशी करून मगच निघा.

तारखा जुळवता येत असतील तर ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला रविवार धरा. त्या रात्री या खोऱ्यातल्या गावांची तरुण मुलं लाकडाच्या चकत्या निखाऱ्यात लाल करून काठीच्या टोकावरून डोंगरउतारावर भिरकावतात, आणि गवताने वेढलेला उंच क्रूस पेटवतात. आपल्या होळीच्या आगेमागेच हे येतं. मालसच्या बाजूला अंधार पडल्यावर जायचं, चकत्या जिथे पडतात त्या उताराखाली उभं राहायचं नाही, आणि परतीची शेवटची बस आधी बघून ठेवायची. बस चुकली तर मालसहून ग्लुर्न्सपर्यंत चालत या. त्यासाठी डोक्याला लावायची बॅटरी सोबत असू द्या, रस्त्याच्या मधल्या भागात दिवे नाहीत.