शिडी लावण्याआधी: ऑफिसच्या ॲक्सेस पॉइंटची तयारी

ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारं उपकरण, छताला लावायला वीस मिनिटं पुरतात. तो का चालत नाही हे शोधण्यात मात्र अख्खा दिवस जाऊ शकतो, आणि त्यातला बराचसा वेळ खाली स्विचच्या (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या उपकरणाच्या) रॅकसमोर जातो. दोष हवेत असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तो वायरीत, विजेत, नाहीतर उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरमध्ये (डीएचसीपी) सापडतो. म्हणून ही यादी शिडी काढण्याच्या आधीची आहे. जमेल तेवढं टेबलावर, बसल्या जागी उरकून घ्या.

सुरुवात मजल्याच्या नकाशापासून करा. माणसं कुठे बसतात, एका खोलीत एकावेळी किती जण असतात, फोनवरचं बोलणं किंवा व्हिडिओ बैठका कुठे चालतात हे नकाशावर पेन्सिलीने लिहा. मग भिंती पाहा. जिप्समच्या पडद्यातून सिग्नल सहज जातो, काँक्रीटच्या भिंतीत बराच मरतो, आणि लिफ्ट, लोखंडी कपाटं, आरसे, पाण्याची टाकी यांच्यापलीकडे त्याच्यावर भरवसा ठेवू नये. बोलण्यासाठी आणि व्हिडिओसाठी जागेवर साधारण उणे ६७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा. हे आकडे वाचताना एवढं लक्षात असू द्या की दर ३ डीबीला ताकद निम्मी होते आणि १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे उणे ६७ आणि उणे ७७ दिसायला जवळ वाटले तरी त्यांच्यात दहापटीचं अंतर आहे.

जागा शक्यतो खोलीत निवडा. कॉरिडॉरमध्ये वायर ओढणं सोपं असतं, पण तिथे एका रांगेत लावलेले ॲक्सेस पॉइंट एकमेकांनाच स्पष्ट ऐकू येतात, आणि ज्यांच्यासाठी ते लावले ती माणसं भिंतीमागे राहतात. फॉल्स सीलिंगच्या वर, नजरेआडही ठेवू नका. मी एकदा घाईत तसं केलं होतं. सीलिंगचे पत्रे धातूचे होते. वरच्या मजल्यावर त्या नेटवर्कचा सिग्नल भरपूर यायचा आणि बरोबर खाली बसलेल्यांचे कॉल तुटायचे. दोन आठवडे त्या लोकांनी तो त्रास सोसला. तेव्हापासून पत्र्याला बोटाने ठोकून पाहिल्याशिवाय मी जागा ठरवत नाही.

आता केबल. डेटा आणि वीज दोन्ही तिच्यातूनच ॲक्सेस पॉइंटला जातात. स्विचपासून ॲक्सेस पॉइंटपर्यंत, टोकांच्या छोट्या वायरी (पॅच कॉर्ड) धरून, एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी. केबल पूर्ण तांब्याची आहे ना, हे वेष्टनावर वाचून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल डेटा कसाबसा नेते, पण वीज नेताना तिच्यात व्होल्टेज जास्त पडतं, ती तापते, आणि ॲक्सेस पॉइंट अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. केबल टेस्टरने आठही तारा तपासा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटलेली असली की लिंक अनेकदा गुपचूप १०० मेगाबिटवर येते. दिवा लागलेला असतो, नेटवर्कही चालतं, फक्त सगळे ‘वायफाय हळू आहे’ म्हणत राहतात. स्विचच्या पोर्टवर लिंकचा वेग वाचायला अर्धं मिनिट लागतं. ती सवय लावून घ्याच.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. नेटवर्कच्या केबलमधून वीज देण्याच्या ८०२.३एएफ या प्रकारात स्विचचा पोर्ट १५.४ वॅट देतो आणि वायरीतली गळती वजा जाता उपकरणाला १२.९५ वॅट मिळण्याची खात्री असते. ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ होतात. नव्या ॲक्सेस पॉइंटला कमी वीज मिळाली तर तो बंद पडेलच असं नाही. काही मॉडेल सुरू होतात, पण एखादा रेडिओ बंद ठेवतात किंवा ताकद कमी करतात, आणि दोष शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. दुसरा हिशेब संपूर्ण स्विचचा. २४ पोर्टांवर प्रत्येकी ३० वॅट म्हणजे ७२० वॅट झाले, पण स्विचची एकूण क्षमता बहुधा त्याहून बरीच कमी असते. ती माहितीपत्रकात पाहा आणि आधीपासून जोडलेले कॅमेरे, फोन वजा करा. शेवटचा ॲक्सेस पॉइंट जोडल्यावर दुसराच एखादा बंद पडला, तर संशय इथे घ्या. २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे वेगळे ठोकळे) पडून असतील तर ते वेगळ्या खोक्यात ठेवा. ते उपकरणाला न विचारताच वीज सोडतात.

पोर्टची मांडणी नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून लेखी घ्या: कोणते व्हीलॅन (एकाच वायरीवरून वेगळी ठेवून नेलेली नेटवर्कं) टॅगसह, म्हणजे ओळखखुणेसह, येणार, कोणता टॅगशिवाय, आणि ॲक्सेस पॉइंटच्या व्यवस्थापनाचा पत्ता कोणत्या व्हीलॅनमधून मिळणार. कर्मचाऱ्यांचं नेटवर्क चालतं आणि पाहुण्यांचं चालत नाही, अशी तक्रार आली की मधल्या एखाद्या स्विचवर पाहुण्यांचा व्हीलॅन जोडायचा राहिलेला असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पहिला फोन त्याच प्रश्नासाठी करतो.

पत्त्यांकडे फार जण पाहत नाहीत. /२४ या आकाराच्या नेटवर्कमध्ये वापरता येण्यासारखे २५४ पत्ते असतात. पाहुण्यांच्या नेटवर्कवर पत्त्याची मुदत २४ तास ठेवली, तर सकाळी येऊन निघून गेलेल्या माणसाचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. त्यात आजचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) दाखवतात आणि काही तो बदलतही राहतात. वर्दळीच्या ठिकाणी दुपारपर्यंत पत्ते संपतात. पाहुण्यांसाठी मुदत एक-दोन तासांवर आणा, गरज असेल तर नेटवर्क मोठं करा.

रेडिओच्या बाबतीत माझा कल कमी करण्याकडे आहे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ एवढेच चॅनेल वापरा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ३ किंवा ८ निवडून गर्दी टळत नाही, उलट दोन्ही बाजूंना त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घ्यावे लागतात. त्यांवर बोलण्याआधी ॲक्सेस पॉइंटला निदान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, आणि रडार जाणवलं तर चॅनेल सोडून ३० मिनिटं तिकडे फिरकता येत नाही. नवा ॲक्सेस पॉइंट चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव लगेच दिसलं नाही तर घाईने रीसेट करू नका. देशाचा कोड बरोबर भरा, कारण चॅनेल आणि ताकदीच्या मर्यादा त्यावर ठरतात. ताकद पूर्ण ठेवण्याचा मोह आवरा. ॲक्सेस पॉइंटचा मोठा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा लहान आवाज परत पोचत नाही. पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही. शिवाय माणूस दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याचा फोन जुन्याच ॲक्सेस पॉइंटला धरून राहतो. नेटवर्कची नावंही तीन-चारच्या पुढे नेऊ नका. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारलं जातं आणि तो वेळ सर्वांच्या वाट्यातून जातो.

सुरक्षेत डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या प्रकाराच्या खाली जाऊ नका, आणि ६ गिगाहर्ट्झ वापरणार असाल तर तिथे डब्ल्यूपीए२ चालतच नाही. एकच पासवर्ड न देता प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचं लॉगिन असेल तर रेडियस सर्व्हरच्या (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) यादीत नव्या ॲक्सेस पॉइंटचा पत्ता आणि दोघांमधला गुप्त शब्द आधीच टाकून घ्या. लॉगिन कंट्रोलरमार्फत (सगळे ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रणेमार्फत) जात असेल तर कंट्रोलरचा पत्ता टाका. वाटेत फायरवॉल असेल तर रेडियसचा यूडीपी १८१२ हा पोर्ट उघडा आहे ना ते विचारा. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते तेही विचारून तारीख लिहून ठेवा. काल चालणारं लॉगिन आज सगळ्यांचंच बंद झालं, तर आधी ती तारीख पाहा आणि मग उपकरणांची घड्याळं.

एवढं झालं की ॲक्सेस पॉइंट टेबलावर ठेवून, ज्या पोर्टला तो पुढे जोडायचा त्याच पोर्टला जोडा. फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, इथेच अद्ययावत करा. छतावर लावल्यावर मध्येच वीज गेली तर पुन्हा शिडी आली. कंट्रोलरला तो दिसतो का पाहा, फोन आणि लॅपटॉप प्रत्येक नेटवर्कला जोडून बघा. दिव्याच्या रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून त्या मॉडेलचं पान छापून घ्या. मॅक पत्ता आणि अनुक्रमांक यांच्या लेबलचा फोटो काढा. एकदा पाठ छताला टेकली की ते वाचता येत नाही.

लावून झाल्यावर तक्रार आली तर ‘वायफाय चालत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाच गोष्टी क्रमाने विचारा. नेटवर्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर वीज, रेडिओ, चॅनेल. पासवर्ड किंवा लॉगिन स्वीकारलं जातं का? नसेल तर रेडियस, किंवा जुनं उपकरण ज्याला नवी सुरक्षा कळत नाही. पत्ता मिळतो का? १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही, म्हणून व्हीलॅन आणि उरलेले पत्ते तपासा. गेटवेला, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या दाराला, पिंग (उत्तर येतं का ते पाहणारा चाचणी संदेश) जातं का? आणि शेवटी, संकेतस्थळाच्या नावाने पान उघडत नाही पण बाहेरच्या पत्त्याला पिंग जातं, असं तर नाही ना? तसं असेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, पाहा. सगळं चालतं पण हळू, असं असेल तर त्याच पोर्टला लॅपटॉप वायरीने लावून वेग मोजा. वायरीतही वेग तेवढाच आला तर ॲक्सेस पॉइंटला हात लावू नका. आणि रीसेटचं बटण हा शेवटचा उपाय ठेवा, कारण त्याने सेटिंगबरोबर दोषाच्या खुणाही पुसल्या जातात.

काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, माणसं येऊन बसतात त्या वेळेला स्वतः हजर राहा. रिकाम्या मजल्यावरचं मोजमाप भरलेल्या मजल्यावर टिकत नाही, कारण माणसांची शरीरंही सिग्नल शोषतात आणि प्रत्येकाचा फोन हवेतला वेळ मागतो. कंट्रोलरवर चॅनेल किती व्यग्र आहे ते पाहा. आकडा सतत निम्म्याच्या वर राहत असेल तर चॅनेलची वाटणी पुन्हा करा. मग तेच नकाशाचं पान काढा, प्रत्येक खोलीतला सिग्नल, ॲक्सेस पॉइंटचं नाव, स्विच आणि पोर्टचा क्रमांक त्यावर तारखेसह लिहा आणि एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवा.