आधी एचयूडी वाचायला शिका, मिसाईल नंतर

ओझरच्या एचएएलमधली सुखोई नाशिककरांच्या डोक्यावरून गेली की सिम्युलेटर टाकायची खुमखुमी येतेच, पण डीसीएस (कॉम्प्युटरवरचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर गेम) लावल्या लावल्या रडारच्या मागे लागू नका, समोरच्या काचेवर आकडे आणि खुणा दाखवणारा एचयूडी (हेड-अप डिस्प्ले) बघा. एफ-१६ मध्ये डावीकडे स्पीड नॉट्समध्ये, उजवीकडे उंची फुटांत. सुखोई-२७ ला तेच ताशी किमी आणि मीटरमध्ये, म्हणून दोन्ही एकदम शिकू नका, नुसता घोळ होतो.

सगळ्यात कामाचं म्हणजे पंखवालं छोटं गोल, फ्लाइट पाथ मार्कर. नाक कुठंय ते नाही, विमान खरंच कुठं चाललंय ते हा दाखवतो, त्यामुळे लँडिंगला तो रनवेच्या सुरुवातीवर धरायचा आणि साधारण ३ डिग्रीने उतरायचं. एफ-१६ च्या एचयूडीवर नाक किती वर-खाली आहे ते दाखवणारी शिडी (पिच लॅडर) असते, तिच्यातल्या रेषा अखंड म्हणजे क्षितिजाच्या वर, तुटक म्हणजे खाली, ढगात हेच वाचवतं. एमएफडीची (कॉकपिटमधल्या स्क्रीनची) बटणं सावकाश बघा.