मरीना कशी चालवावी: रोजच्या फेरीपासून वादळानंतरच्या सकाळपर्यंत

मरीना म्हणजे बोटींचा वाहनतळ, अशी समजूत घेऊन कामाला लागलेल्या माणसाचा भ्रम पहिल्या जोरदार वाऱ्यातच उतरतो. वाहनतळावरची गाडी रात्रभर जागची हलत नाही. बोट मात्र बांधलेली असतानाही क्षणभर स्थिर नसते, आणि तिच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर दोर, कडी, खुंटा किंवा धक्का यांपैकी काहीतरी कणाकणाने झिजत असते. बोट मालकाची असते, पण बोट आणि जमीन यांच्यामध्ये जे जे असते ते आपल्या जबाबदारीचे. या झिजेवर नजर ठेवणे हे व्यवस्थापकाचे मुख्य काम आहे. शुल्क, पावत्या आणि प्रतीक्षायादी यांचा क्रम त्यानंतर लागतो.

फेरी पाण्याच्या वेळेने

संपूर्ण धक्क्यावरून रोज एकदा पायी फिरावे आणि दिसलेले सारे वहीत लिहावे, हा नियम सगळ्यांनाच मान्य असतो. बहुतेक ठिकाणी ही फेरी कार्यालय उघडल्यावर, ठरलेल्या वेळी होते, आणि गफलत नेमकी तिथेच होते. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे ती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी उधाणाची ओहोटी मात्र एखाद्या बंदरात दर खेपेला दिवसाच्या साधारण त्याच प्रहरी येते. ती जर आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी येत असेल, तर रोज नऊ वाजता फेरी मारणारा माणूस वर्षानुवर्षे काम करूनही पाण्याची सर्वांत खालची पातळी कधीच पाहत नाही. म्हणून रोजच्या फेरीखेरीज दर पंधरवड्याला एक फेरी उधाणाच्या ओहोटीला आणि एक उधाणाच्या भरतीला, वेळ कितीही अडचणीची असली तरी, मारावी.

ओहोटीच्या फेरीत लोखंडी खांब पाहावेत. सर्वांत खालच्या पाणीरेषेलगत नारिंगी, भुसभुशीत ठिगळे दिसली तर ती खरवडून पाहावीत. खाली काळा थर आणि त्याखाली चकचकीत, खड्डे पडलेला धातू निघाला तर तो जीवाणूंमुळे होणारा गंज असतो आणि साध्या गंजापेक्षा कितीतरी वेगाने खांब पोखरतो. खांब वरून धडधाकट दिसतो, त्यामुळे हा गंज वरून पाहणाऱ्याला कळतच नाही. लाकडी खांब असतील तर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, कारण लाकूड पोखरणारे समुद्री किडे बाहेरचे कवच शाबूत ठेवून आतून भुगा करतात. कोणत्या बर्थवर, म्हणजे बोट बांधण्याच्या जागेवर, बोटींचा तळ गाळाला टेकतो आहे हेही याच वेळी दिसते.

भरतीच्या फेरीत तरंगत्या धक्क्याच्या कडा पाहाव्यात. एक कोपरा इतरांपेक्षा चार बोटे खाली असेल तर त्याला तरंगत ठेवणाऱ्या खालच्या पोकळ पेटीत पाणी शिरले आहे, किंवा शिंपल्यांचे ओझे वाढले आहे. धक्क्याला जागेवर धरणाऱ्या खांबांची टोके पाण्यापासून किती उंच उरतात, हे मोजून नोंदवावे. या आकड्याची खरी किंमत वादळात कळते.

दोर, कड्या आणि साखळ्या

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा 20 नॉटवरून 40 नॉटवर गेला म्हणजे बोटीवरचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि शांत दिवशी भक्कम वाटणारी बांधणी त्या रात्री अपुरी पडते. बांधणीसाठी नायलॉनचा दोर घ्यावा, कारण तो ताणला जातो आणि हिसका पचवतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो आणि पाण्यावर तरंगतो म्हणून मालकांना आवडतो, परंतु तो उन्हाने लवकर कुजतो. कायमच्या बांधणीसाठी तो चालणार नाही, असे नियमावलीतच लिहिलेले बरे.

दोर मध्येच सहसा तुटत नाही. तो घासतो तिथे तुटतो. म्हणून बोटीच्या काठावरून तो जिथे वळतो ती वीतभर जागा हातात घेऊन पाहावी. पीळ किंचित उलगडला की आत वाळूचे आणि मिठाचे कण चमकताना दिसतात. हे कण दर हेलकाव्याला आतले तंतू कापत असतात. बाहेरचे तंतू पिंजून कापसासारखे झाले असतील आणि दोर मुठीत कडक लागत असेल तर तो बदलण्याची वेळ झाली. गोड्या पाण्याने अधूनमधून धुणे आणि घासणाऱ्या जागी जाड नळीचे आवरण चढवणे, एवढ्यानेच त्याचे आयुष्य बरेच वाढते.

खुल्या पाण्यात साखळीवर बांधलेल्या बोटींच्या बाबतीत झीज पाण्याखाली लपलेली असते. साखळीचा जो भाग लाटेबरोबर तळावरून उचलला जातो आणि पुन्हा आपटतो, तो सर्वांत आधी झिजतो. पाणबुड्याने नुसते 'ठीक आहे' असे सांगून भागत नाही. त्याने त्या भागातील कड्यांची जाडी मापून आकडा आणावा आणि तो मागच्या आकड्याशेजारी लिहिला जावा. शॅकलची (साखळी जोडणाऱ्या नालाकृती कडीची) खीळ तारेने बांधलेली आहे की नाही, हेही त्याच बुडीत पाहून घ्यावे, कारण न बांधलेली खीळ हेलकाव्यांनी हळूहळू उलगडत जाते.

बर्थचे वाटप

जागा देताना मालकाने सांगितलेल्या लांबीवर विसंबू नये. शुल्क लांबीवर ठरत असल्याने पुढे आलेला दांडा आणि मागे टांगलेले इंजिन सोडून मोजण्याची मालकांची पद्धत सर्वत्र आढळते, आणि त्यात लबाडीपेक्षा ममत्वच अधिक असते. तरीही टेप लावून टोकापासून टोकापर्यंत आपणच मोजावे. बोट पाण्यात किती खोल बुडते हे लांबीइतकेच महत्त्वाचे आहे. नोंदवहीत विम्याचा तपशील, इंधनाचा प्रकार, गॅसची टाकी आणि बॅटऱ्या कुठे आहेत, तसेच मालक दूर असताना किल्ली कोणाकडे असते, हे असलेच पाहिजे. आग लागल्यावर ही माहिती गोळा करता येत नाही.

वीज

पाणी आणि वीज शेजारी नांदतात अशी ही जागा असल्याने या विषयावर कंजूषी करू नये. पहिली तपासणी हाताची आहे: धक्क्यावरच्या विजेच्या खांबात खोचलेल्या प्लगजवळ हात नेऊन तो गरम लागतो का, हे पाहावे. गरम प्लग म्हणजे गंजलेले किंवा सैल झालेले टोक, आणि बोटींवरच्या कित्येक आगींची सुरुवात तिथेच होते. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड धक्क्यावर दिसला की तो काढायला लावावा. मालक आपलाच ओळखीचा असला तरी.

दुसरी तपासणी क्लॅम्प मीटरने करावी. बोटीला जाणारी संपूर्ण केबल मीटरच्या जबड्यात धरली म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि काटा शून्यावर राहतो. तो शून्यावर नसेल तर तेवढी वीज केबलमधून परतण्याऐवजी बाहेरून, बहुधा पाण्यातून, वाट काढत आहे. गोड्या पाण्यात हे विशेष घातक ठरते, कारण तिथे पाण्यापेक्षा माणसाचे शरीर विजेला सोपी वाट देते आणि पोहणाऱ्याचे स्नायू आखडून तो बुडतो. म्हणून मरीनात पोहण्यास सक्त मनाई असावी, आणि गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या यंत्राचे चाचणी-बटण दर महिन्याला दाबून त्याची नोंद ठेवावी.

मरीनाची वीज घेणाऱ्या सर्व बोटी अर्थिंगच्या तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, ही गोष्ट मालकांना पटवून देणे मात्र अवघड जाते. खारे पाणी, ती तार आणि वेगवेगळे धातू मिळून एक मोठी बॅटरीच तयार होते आणि एका बोटीचा धातू दुसरीसाठी झिजू लागतो. माझ्याकडे एका मालकाची तक्रार होती की त्याचे जस्ताचे ॲनोड, म्हणजे बोटीच्या इतर धातूंऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले तुकडे, दोन महिन्यांत संपतात. दोष तो रंगाऱ्याला देत होता. शेजारच्या बर्थवर नव्याने आलेल्या बोटीला ॲनोडच उरलेले नव्हते, आणि याचे जस्त तिचे रक्षण करीत होते. प्रत्येक बोटीवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगच्या तारेतला हा झिजवणारा प्रवाह अडवणारे उपकरण) बसविण्याची आणि निम्मे झिजलेले ॲनोड बदलण्याची अट घातली की असे वाद उद्भवत नाहीत.

इंधन आणि पाण्याची स्वच्छता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि इंजिन सुरू करताना उडणारी एक ठिणगी तिला पुरते. भरताना सर्व माणसे धक्क्यावर, इंजिन आणि शेगडी बंद. भरल्यावर तळातील पंखा काही मिनिटे चालवून, वास घेऊन मगच इंजिन सुरू करावे. सुटे डबे बोटीत ठेवून भरू देऊ नयेत, ते धक्क्यावर ठेवूनच भरावेत.

पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग दिसला की त्यावर भांडी घासण्याचा साबण टाकण्याची सवय फार पसरलेली आहे. साबणाने तेल नाहीसे होत नाही, ते फुटून पाण्यात खाली उतरते, म्हणजे डोळ्यांआड होते आणि माशांपर्यंत पोचते. तेल शोषणाऱ्या चादरी आणि तवंग अडविणारी तरंगती पट्टी इंधनाच्या जागेपाशी हाताला येईल अशी ठेवावी, कुलपात नव्हे. शौचालयाच्या टाक्या उपसण्याची सोय मोफत किंवा नाममात्र दरात ठेवावी, नाहीतर त्या रात्री पाण्यातच रिकाम्या होतात.

तळ खरवडण्याचे काम जमिनीवर आणि गाळ अडविणाऱ्या फरशीवरच व्हावे. तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगांचा इतिहास या बाबतीत पुरेसा बोलका आहे: ट्रायब्युटिलटिन असलेल्या रंगांमुळे फ्रान्समधील आर्काशों उपसागरातील कालवांची पैदास ढासळली, फ्रान्सने 1982 साली लहान बोटींवर त्यांना बंदी घातली, आणि 2008 साली आंतरराष्ट्रीय करार अमलात येऊन ही बंदी जहाजांनाही लागू झाली. आजचे रंग बहुधा तांब्याचे असतात. तेही निरुपद्रवी नाहीत.

वादळ येण्याआधी आणि नंतर

वादळाची योजना लेखी असावी आणि मालकांनी करारावर सही करतानाच ती वाचलेली असावी. शिडे पूर्ण उतरवून ठेवावीत. दांड्याभोवती नुसती गुंडाळलेली शिडे वाऱ्याने सुटतात आणि बोटीला ओढून नेतात. छत आणि ताडपत्र्या काढाव्यात, दोर दुप्पट करावेत, ते एकाच खुंट्यावर न लादता वेगवेगळ्या खुंट्यांवर विभागावेत. जमिनीवर टेकूंनी उभ्या केलेल्या बोटींचे समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना जोडलेले असावेत, आणि ताडपत्रीचा दोर टेकूला कधीही बांधू नये, कारण वारा ताडपत्रीसकट टेकूही ओढून काढतो. खांबांच्या उंचीचा जो आकडा भरतीच्या फेरीत लिहून ठेवला, तो आता वाचावा: वादळी लाटेचे पाणी त्याहून वर चढणार असेल तर तरंगता धक्का बोटींसह खांबांवरून निसटून जातो आणि दोर कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही. अशा वेळी शक्य तितक्या बोटी वेळेवर बाहेर काढणे एवढाच उपाय उरतो. बोटीवर कोणालाही थांबू देऊ नये, मालकालाही नाही.

वारा पडल्यावर मालकांची गर्दी होते आणि सर्वांना आपली बोट आधी पाहायची असते. तोवर मुख्य वीजपुरवठा बंदच ठेवावा. प्रथम धक्का चालण्याजोगा आहे का ते पाहावे, मग प्रत्येक विजेच्या खांबाचे झाकण उघडून आत खारे पाणी शिरले आहे का ते तपासावे, आणि कोरडे व शाबूत ठरलेले खांब एकेक करून सुरू करावेत. ज्यात पाणी शिरले होते तो आज वाळलेला दिसला तरी सुरू करू नये. त्याचे जोड उघडून, धुऊन, बदलून झाल्यावरच त्याला पुरवठा द्यावा.