मृगाच्या आधी शेताचा उतार मोजून घ्यावा

नागपूर जिल्ह्यातील भारी काळी जमीन डोळ्यांना सपाट दिसते आणि तिचा ढाळ कोणीकडे आहे, हे पहिल्या जोरदार पावसात धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या हद्दीशी, तुंबलेल्या पाण्यावरूनच कळते. तोवर पेरणी होऊन गेलेली असते. म्हणून शेवटची वखरपाळी झाल्यावर, मृगाचा पाऊस येण्याआधी एक सकाळ या मोजणीसाठी राखून ठेवावी.

सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या आणि त्यांना बांधलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी एवढे साहित्य पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये आणि तिची दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत. काठ्या प्रथम शेजारी उभ्या करून दोन्हींवरील पाणी एकाच खुणेवर आहे याची खात्री करावी व नंतर एक काठी २० मीटर पुढे न्यावी. जिकडची जमीन खोल, तिकडच्या काठीवर पाणी वरच्या खुणेला दिसते. नवख्या माणसाची चूक बहुधा इथेच होते. एकीकडे ८५ आणि दुसरीकडे ११५ सेंटिमीटर आल्यास फरक ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३० मीटर होतो. त्याला २० ने भागून १०० ने गुणल्यास १.५ टक्के उतार मिळतो.

मोजणी केवळ धुऱ्याच्या कडेने केल्यास उतार कमी भरतो, कारण पाणी धुरा पाहून वाहत नाही. उत्तर-दक्षिण ०.८ टक्के आणि पूर्व-पश्चिम ०.६ टक्के उतार असलेल्या शेताचा खरा उतार तिरक्या दिशेने १ टक्का असतो, कारण दोन्ही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ तेवढे येते. मोबाईलवरील अॅप बहुधा अंश दाखवते, टक्के नव्हे. २ अंश म्हणजे सुमारे ३.५ टक्के आणि ४५ अंश म्हणजे १०० टक्के. हा घोळ झाला, तर बांधाचे सगळे गणित चुकते.

सोयाबीन, कपाशी व तुरीची पेरणी उताराला आडवी करावी, मात्र भारी जमिनीत सऱ्या अगदी समतल ठेवू नयेत. रुंद वरंबा-सरी पद्धतीत, म्हणजे रुंद वरंब्यावर पीक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरी असते त्या पद्धतीत, सरीला ०.४ ते ०.८ टक्के ढाळ चांगला मानतात. ६० मीटर लांबीच्या सरीला ०.५ टक्के ढाळ द्यायचा, तर शेवटचे टोक ३० सेंटिमीटर खाली हवे. अशा जमिनीत समतल बांधामागे पाणी साचून तो फुटतो, तेथे पाणी हळूहळू वाहून जाईल असा थोडा उतार दिलेला ढाळीचा बांधच बरा.

काटोल-नरखेडकडील संत्रा बागायतदारांनी तर ही मोजणी टाळूच नये. बुंध्याशी पाणी साचल्यास डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) व मूळकूज वाढते, त्यामुळे दोन ओळींमधील निचऱ्याचा चर खोदण्यापूर्वी त्याच्या तोंडाची पातळी नाल्याच्या तळापेक्षा उंच आहे का, हे याच नळीने तपासावे. ती खाली असल्यास नाल्याचे पाणी उलटे बागेत शिरते.